रक्ताची साक्ष
(नभोवाणीवरील भाषण)



एके काळीं दारांत तारवाला उभा राहिला, कीं घरांतल्या माणसांच्या छातींत धस्स होई. आज तें काम रक्ततपासणीचा कागद करतो. त्यावर इंग्रजी अक्षरें, त्यांपुढें आंकडे, आणि एखाद्या आंकड्याजवळ ठळक खूण. खूण दिसली कीं घाबरावयाचें आणि न दिसली कीं निश्चिंत व्हावयाचें, एवढेंच आपण शिकलों आहों. मी कांहीं वैद्यकाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म मुलांना शिकविण्यांत घालविलेला शाळामास्तर आहें. तरीहि हा विषय मीं शक्य तितका समजून घेतला, त्याला कारण दोन घरें. तीं दोन घरें आधीं सांगतों आणि मग शास्त्राकडे वळतों.

पहिलें घर आमच्याच आळींतलें. मुलीचें लग्न ठरलें होतें. हल्लींच्या रीतीप्रमाणें दोन्ही घरच्या मंडळींनीं वधूवरांचें रक्त तपासून घेतलें. मुलीच्या कागदावर ‘हिपॅटायटिस बी’ हे शब्द होते आणि त्यांच्याच ओळींत ‘पॉझिटिव्ह’. मुलाच्या मावशीबाईंनीं तो कागद वाचला मात्र, आणि ‘मुलीच्या अंगांत काविळीचा रोग आहे’ असें म्हणून बोलणें थांबविलें. आठ दिवस त्या घरांत कोणी धड जेवलें नाहीं.

दुसरें घर माझ्या एका सहकाऱ्याचें. आम्हीं वीस वर्षें एकाच शाळेंत शिकविलें. एकदां रक्तदानाच्या शिबिरांत त्यांनीं रक्त दिलें आणि थोड्याच दिवसांत रक्तपेढीकडून निरोप आला : हिपॅटायटिस बीचा प्रतिजन रक्तांत सांपडला आहे, डॉक्टरांना भेटा. त्यांनीं तो कागद मला दाखविला. मी म्हणालों, “अहो मास्तर, तुम्ही रोज दोन कोस चालतां, भूक उत्तम, डोळ्यांत पिवळेपणा नाहीं. रोग असता तर दिसला नसता का?” त्यांना हेंच ऐकावयाचें होतें. कागद कपाटांत गेला. अकरा वर्षांनीं उजव्या कुशींत दुखूं लागलें, पोटांत पाणी झालें, तेव्हां यकृतांत कर्करोगाची गांठ निघाली. चार महिन्यांत ते गेले. तो सल्ला माझा होता, ही गोष्ट मी विसरूं शकत नाहीं.

दोन्ही कागदांवर शब्द एकच होता, पॉझिटिव्ह. पहिल्या घरीं तो शुभ होता आणि दुसऱ्या घरीं धोक्याचा. हा घोटाळा कसा होतो, तें कळण्यासाठीं रक्तांतील साक्षीदारांची ओळख करून घेतली पाहिजे.

जंतु, विषाणु किंवा त्यांचें विष अशी परकी वस्तु शरीरांत शिरली, कीं तिला नेमकें ओळखून धरणारें एक प्रथिन शरीर तयार करतें. त्याला प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, म्हणतात. ज्या परक्या वस्तूमुळें तें तयार झालें, ती प्रतिजन किंवा अँटिजेन. घरांत शिरलेला चोर तो प्रतिजन, आणि त्याचा चेहरा लक्षांत ठेवणारा साक्षीदार तें प्रतिपिंड, एवढें मनांत धरलें म्हणजे पुढची वाट सोपी होते.

१८९० सालीं बेरिंग आणि किटासाटो यांनीं बर्लिन येथें दाखवून दिलें, कीं घटसर्प व धनुर्वात यांच्याविरुद्ध तयार केलेल्या प्राण्यांच्या रक्तरसांत त्या रोगांचें विष निष्प्रभ करणारें कांहीं तरी असतें. पुढें स्वीडनमधील टिसेलियस यांनीं विजेच्या साहाय्यानें रक्तरसांतील प्रथिनें एकमेकांपासून वेगळीं केलीं. त्यांत सर्वांत मोठा वांटा अल्ब्युमिनचा, आणि त्याच्या मागून ग्लोब्युलिनचे अल्फा, बीटा व गॅमा हे गट. प्रतिपिंडें मुख्यतः गॅमा गटांत असतात, असें १९३९ सालीं प्रसिद्ध झालें. टिसेलियस यांना १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आज प्रतिपिंडांचे जी, ए, एम्, डी आणि ई असे पांच वर्ग मानतात. तीं तयार करणाऱ्या पेशी पांढऱ्या पेशींच्या एका जातींतून निपजतात, आणि एका पेशीचा वंश एकाच नमुन्याचें प्रतिपिंड करतो. ही शेवटची गोष्ट ध्यानांत असूं द्यावी; पुढें ती उपयोगी पडणार आहे.

या प्रतिपिंडांची साक्ष दोन प्रकारांनीं घेतां येते. एक, सर्व प्रतिपिंडें मिळून रक्तांत किती आहेत हें मोजणें. आणि दुसरी, अमक्याच चोराला ओळखणारें प्रतिपिंड आहे कीं नाहीं हें पाहणें. पहिली साक्ष गर्दीची, दुसरी ओळखीची.

प्रथम गर्दीची साक्ष पाहूं. ज्याला आपण जुन्या बोलींत काळीज म्हणतों, तें शरीरशास्त्रांतलें यकृत. भावनेच्या भरांत आपण काळीज म्हणून छातीवर हात ठेवतों. पण त्याची खरी जागा बरगड्यांच्या खालीं, उजव्या कुशींत. हें यकृत अल्ब्युमिन तयार करतें. प्रतिपिंडें मात्र तें करीत नाहीं. आंतड्यांकडून येणारें रक्त प्रथम यकृतांतून जातें, आणि त्याबरोबर आलेले जंतूंचे अवशेष यकृतांतल्या भक्षक पेशी गिळून टाकतात. दीर्घ आजारानें यकृत निबर झालें, म्हणजे त्यास सिरॉसिस म्हणतात. अशा वेळीं दोन गोष्टी घडतात. अल्ब्युमिन कमी पडूं लागतें. आणि रक्त यकृताला वळसा घालून जाऊं लागल्यामुळें ते अवशेष सर्व शरीरांत पोंचतात व प्रतिपिंडें करणाऱ्या पेशी जागोजाग कामाला लागतात. तराजूचें एक पारडें हलकें होतें आणि दुसरें जड. यकृताच्या साध्या तपासणीच्या कागदावर ‘ए/जी रेशो’ म्हणून जो आंकडा असतो, तो ह्याच तराजूचा. निरोगी माणसांत अल्ब्युमिन अधिक, म्हणून तो एकाहून मोठा असतो. तो एकाच्या खालीं उतरला तर डॉक्टर थांबून विचार करतात. मात्र तेवढ्यावरून निवाडा देत नाहींत. कारण मूत्रपिंडांतून अल्ब्युमिन वाहून गेलें, किंवा काळा आजारासारखा जुनाट रोग अंगांत असला, तरी तराजू असाच कलतो.

या गर्दींत कोणत्या वर्गाची माणसें जास्त आहेत, यावरूनहि थोडा अंदाज बांधतां येतो. अतिरिक्त मद्यपानानें बिघडलेल्या यकृतांत ‘ए’ वर्गाचीं प्रतिपिंडें वाढलेलीं आढळतात. पित्त वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांचा एक जुनाट दाह असतो, तो बहुधा मध्यम वयाच्या स्त्रियांना होतो. त्यांत ‘एम्’ वर्ग वाढतो. या रोगांतील दहांपैकीं नऊ किंवा त्याहून अधिक रोग्यांच्या रक्तांत स्वतःच्याच पेशींतील एका घटकाविरुद्ध प्रतिपिंड सांपडतें, आणि हा शोध १९६५ सालीं लंडनमध्यें लागला. तिसरा प्रकार असा, कीं शरीराची संरक्षक सेना चुकून आपल्याच यकृतावर हल्ला करते. त्यांत ‘जी’ वर्ग वाढतो. स्वीडनमधील वाल्डेनस्ट्रॉम यांनीं १९५० सालीं तरुण स्त्रियांमधील अशा आजाराचें वर्णन केलें. या रोगावर स्टिरॉइड औषधांचा चांगला उपयोग होतो, आणि औषध लागूं पडलें कीं ‘जी’चा आंकडा उतरूं लागतो. येथें तो आंकडा निदानाला मदत करतोच. पण उपचार बरोबर चालला आहे कीं नाहीं, हेंहि तोच सांगतो.

आतां याच गर्दींतून कर्करोगाची एक निराळी खूण मिळते. शाळेंतली मधली सुट्टी आठवा. सर्व मुलें एकदम बोलत असतात. आवाज मोठा, पण त्यांत एकहि शब्द वेगळा ऐकूं येत नाहीं. यकृताच्या आजारांत प्रतिपिंडें वाढतात तीं अशीं. विजेनें वेगळ्या केलेल्या प्रथिनांचा आलेख काढला, तर गॅमाच्या जागीं रुंद टेकडी दिसते. परंतु एकच मुलगा सगळ्यांच्या वर एकच अक्षर ओरडूं लागला तर? एका पेशीचा वंश एकाच नमुन्याचें प्रतिपिंड करतो, हें मघाशीं सांगितलें. असा एखादा वंश बेबंद वाढला, कीं आलेखावर टेकडीच्या ऐवजीं सुईसारखें टोंक उभें राहतें. अस्थिमज्जेंतील अशा कर्करोगाला मायलोमा म्हणतात. १८४५ सालीं लंडनमधील हाडांच्या वेदनांनीं पीडलेल्या एका व्यापाऱ्याचें मूत्र तपासासाठीं बेन्स जोन्स यांच्याकडे आलें. त्यांत त्यांना एक चमत्कारिक प्रथिन सांपडलें. मूत्र कोंबट केलें कीं तें सांखळे आणि उकळलें कीं विरघळे. तें प्रथिन म्हणजे प्रतिपिंडाचाच एक तुकडा, हें सिद्ध व्हावयास १९६२ साल उजाडावें लागलें.

येथेंहि घाई करूं नये. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत झालेल्या पाहणींत, पन्नाशी गांठलेल्या दर शंभर माणसांत सुमारें ३ जणांच्या रक्तांत असें लहानसें टोंक सांपडलें, आणि त्यांना कसलाहि त्रास नव्हता. अशांपैकीं दर वर्षाला शंभरांत सुमारें एकाचाच आजार पुढें जातो. म्हणून डॉक्टर त्यांना औषध न देतां ठराविक काळानें पुन्हां तपासतात. टोंक दिसलें म्हणजे मृत्युपत्र करावयास बसावें असें नाहीं. आणि तो कागद फेंकून द्यावा असेंहि नाहीं.

आतां दुसऱ्या प्रकारची साक्ष, ओळखीच्या साक्षीदाराची. तिची कथा मोठी मनोरंजक आहे. अमेरिकेंतील शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग हे निरनिराळ्या देशांतील लोकांच्या रक्तांत काय फरक असतो, हें शोधीत होते. रक्त न थांबण्याचा आनुवंशिक रोग असलेल्या माणसाला अनेकांचें रक्त द्यावें लागतें. म्हणून त्याच्या अंगांत अनेक परक्या वस्तूंविरुद्ध प्रतिपिंडें झालेलीं असतात. अशा एका रोग्याचा रक्तरस त्यांनीं जाळ्याप्रमाणें वापरला. त्या जाळ्यांत ऑस्ट्रेलियांतील एका आदिवासी माणसाच्या रक्तांतील प्रथिन अडकलें. १९६५ सालीं ही गोष्ट ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ या नांवानें प्रसिद्ध झाली. तें प्रथिन म्हणजे हिपॅटायटिस बी या विषाणूचें बाहेरचें कवच, हें पुढें उलगडलें. ब्लुमबर्ग यांना १९७६ चें नोबेल पारितोषिक मिळालें; त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात. काविळीचा हा चोर पकडून दिला, तो एका साक्षीदारानें, म्हणजे प्रतिपिंडानेंच.

या विषाणूच्या तपासणींत तीन नांवें येतात, आणि आमच्या दोन घरांचा सगळा घोटाळा ह्या तीन नांवांत आहे.

पहिलें, एचबीएसएजी. हा साक्षीदार नव्हे. हा स्वतः चोर. विषाणूचें कवच रक्तांत आहे, म्हणजे विषाणु घरांत आहे. तो सहा महिन्यांनंतरहि राहिला, तर त्यानें बिऱ्हाड केलें असें समजतात.

दुसरें, अँटी-एचबीएस. हें कवचाविरुद्धचें प्रतिपिंड. तें रोगांतून बरें झालेल्यांत असतें, किंवा लस घेतलेल्यांत असतें. त्याचें प्रमाण दर मिलिलिटरला १० मिलि-युनिटें किंवा अधिक असलें, तर संरक्षण आहे असें मानतात. येथें पॉझिटिव्ह ही आनंदाची वार्ता.

तिसरें, अँटी-एचबीसी. हें विषाणूच्या गाभ्याविरुद्धचें प्रतिपिंड. लशींत केवळ कवचाचें प्रथिन असतें, गाभा नसतो. म्हणून लशीनें हें प्रतिपिंड कधींच उत्पन्न होत नाहीं. तें सांपडलें, तर खरा विषाणु केव्हां तरी येऊन गेला किंवा अजून आहे, असें समजावें. त्यांतला ‘एम्’ वर्ग असला, तर भेट बहुधा नुकतीच झालेली. हा साक्षीदार सांगतो पुष्कळ, पण रक्षण करीत नाहीं.

आमच्या आळींतल्या मुलीच्या कागदावर दुसरें नांव होतें. ती रुग्णसेविकेचा अभ्यासक्रम शिकत असतांना तिला लशीच्या तीन टोंचण्या दिलेल्या होत्या. माझ्या सहकाऱ्यांच्या कागदावर पहिलें नांव होतें.

बिऱ्हाड केलेला विषाणु काय करतो, हें तैवान बेटावर फार स्पष्ट दिसलें. तेथें बीसली आणि त्यांचे सहकारी यांनीं २२,७०७ पुरुषांवर अनेक वर्षें लक्ष ठेवलें. १९८१ सालीं त्यांनीं जाहीर केलें, कीं ज्यांच्या रक्तांत हा प्रतिजन होता, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारें २२३ पट होता. त्या पुरुषांत भूक उत्तम असणारे आणि रोज चालावयास जाणारे पुष्कळ असतील. यकृत हा मुका अवयव आहे. मोठा भाग खराब होईपर्यंत तें तक्रार करीत नाहीं. मीं मित्राला दिलेल्या सल्ल्यांत चूक झाली ती नेमकी येथें.

पण याच तैवाननें पुढचा धडाहि दिला. जन्मतः ज्याला ही लागण होते, अशा दहा बालकांपैकीं सुमारें नऊ जणांत विषाणु कायमचें ठाण मांडतो. प्रौढपणीं लागण झालेल्या शंभरांपैकीं पांचांहून कमी लोकांत असें होतें. म्हणून १९८४ सालीं तैवाननें नवजात अर्भकांना लस टोंचावयास आरंभ केला, आणि पुढील वर्षांत तेथील मुलांमधील यकृताचा कर्करोग स्पष्टपणें घटला. एका टोंचणीनें कर्करोग टळतो, हें माणसांत प्रथमच असें दिसलें. आपल्या देशांत हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनें १९९७ सालीं स्वदेशी लस बाजारांत आणली. सरकारी लसीकरणांत ती २००२ पासून प्रायोगिक रीतीनें आणि २०११ पासून देशभर आली. पहिली मात्रा जन्मापासून २४ तासांच्या आंत द्यावयाची असते. घरांत बाळ येणार असेल, तर हा आंकडा पाळण्याच्या दोरीला बांधून ठेवावा.

हिपॅटायटिस सीची गोष्ट निराळी. तो विषाणु १९८९ सालीं सांपडला, तोहि एका रोग्याच्या रक्तांतील प्रतिपिंडांच्या मदतीनें. या शोधाबद्दल ऑल्टर, हौटन व राइस यांना २०२० चें नोबेल मिळालें. येथें प्रतिपिंड हें ढाल नव्हे. तें सांपडलें म्हणजे विषाणूची गांठ पडली होती, एवढेंच. कांहीं लोक उपचारावांचूनहि त्यांतून सुटतात. विषाणु अजून आहे कीं नाहीं, हें त्याच्या आर.एन.ए.च्या तपासणीनेंच कळतें. असल्यास दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनीं शंभरांतले ९५ हून अधिक रोगी बरे होतात. बरे झाल्यावरहि तें प्रतिपिंड वर्षानुवर्षें रक्तांत राहतें. तें पाहून पुन्हां घाबरण्याचें कारण नाहीं.

“मग रक्ताच्या एका थेंबावरून सर्व कर्करोग ओळखतां येतील का?” असें पुष्कळ जण विचारतात. शरीर कर्करोगाच्या पेशींविरुद्धहि प्रतिपिंडें करतें, हें खरें. परंतु तीं थोड्याच रोग्यांत सांपडतात. म्हणून न सांपडलीं तरी निर्धास्त होतां येत नाहीं. यकृताच्या कर्करोगासाठीं अल्फा-फीटोप्रोटीन म्हणून जी तपासणी करतात, तें मुळीं प्रतिपिंडच नव्हे. तें गर्भावस्थेंतलें एक प्रथिन आहे; १९६३ सालीं मॉस्कोंतील अबेलेव्ह यांना यकृताची गांठ असलेल्या उंदरांत तें पुन्हां दिसलें. पण गांठ लहान असतां तें पुष्कळदां वाढलेलें नसतें. म्हणून ज्यांना धोका अधिक, त्यांनीं दर सहा महिन्यांनीं यकृताची सोनोग्राफीहि करून घ्यावयाची असते.

तेव्हां कागद हातीं आला, कीं डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावे. सांपडलें तें प्रतिजन कीं प्रतिपिंड? प्रतिपिंड असल्यास तें लशीचें, जुन्या रोगाचें कीं चालू रोगाचें? आणि ही साक्ष पडताळण्यासाठीं दुसरी कोणती तपासणी करावी? आणखी एक गोष्ट सांगतों. हिपॅटायटिस बी व सी हे एकत्र जेवल्यानें किंवा हात धरल्यानें पसरत नाहींत; ते रक्तानें, जन्माच्या वेळीं आईकडून, शरीरसंबंधानें, आणि दुसऱ्याचा वस्तरा किंवा सुई वापरल्यानें पसरतात. अशा माणसाचें ताट वेगळें मांडणें हा अज्ञानाचा अन्याय होय. २०१८ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत या रोगांची तपासणी व औषधें विनामूल्य देण्याची सोय केलेली आहे.

त्या मुलीचें लग्न झालें. तिनें आपल्या टोंचण्यांची नोंद दाखविली आणि डॉक्टरांनीं मंडळींना समजावून सांगितलें. पण त्या आठ दिवसांत जें ऐकावें लागलें, तें ती विसरली असेल असें मला वाटत नाहीं. माझ्या सहकाऱ्यांच्या मागें डॉक्टरांनीं साऱ्या घराचें रक्त तपासून घेतलें. त्यांच्या धाकट्या भावाच्या रक्तांत तीच खूण निघाली. दोघांची आई एकच. पत्नी व मुलें यांना लस दिली. भावाला विषाणूला आवर घालणाऱ्या गोळ्या चालू आहेत. धोका त्यानें कमी होतो, पुरता नाहींसा होत नाहीं, हें त्यांना ठाऊक आहे; म्हणून दर सहा महिन्यांनीं ते तपासणीला जातात. जातांना कधीं कधीं मला बरोबर नेतात, आणि मीहि जातों. थोरल्या भावाबरोबर मीं जावयास हवें होतें.

आपल्या घरीं असा एखादा कागद कपाटांत पडून असेल, तर तो उद्यां सकाळीं बाहेर काढावा, एवढीच विनंति.